ठमाबाई धवलारीण आणि बशीतल्या पेशी

धरमतरच्या खाडीकाठच्या गावांत लग्न ठरलं की आधी हॉल बघतात, मग डीजे ठरवतात, मग कापडखरेदीसाठी अख्खं पनवेल पालथं घालतात. हे सगळं उरकलं की घरातल्या कुणातरी म्हातारीला आठवतं, "अरे, धवलारीण सांगितली का?" की सुटला माणूस मोटरसायकलवर ठमाबाईच्या दारी. आठवण इतकी उशिरा, पण तोरा असा की ठमाबाई जशी काही यांचीच वाट बघत ओट्यावर बसलीय. ती बसलेली नसते. हंगामात तिच्याकडे एवढ्या सुपाऱ्या असतात की कधीकधी सकाळची हळद एका गावात आणि संध्याकाळची दुसऱ्या.

आगरी लग्नात मांडवाची पहिली मेढ रोवल्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला गाणं असतं. त्याला धवला म्हणतात आणि तो म्हणते ती धवलारीण. नुसती गाणारी नव्हे, विधी करणारीही तीच. तांदळाचा चौक तीच भरते, कुणी कुणाला आधी तेल लावायचं ते तीच सांगते. ठमाबाई हे सगळं सासूच्या मागे बसून शिकली. कुठं लिहिलेलं नाही. आणि मांडवाबाहेर धवला म्हणायचा नाही असा सासूचा दंडक, त्यामुळं घरी बसून घोकायचीही सोय नव्हती. लग्नात ऐकायचं, लग्नातच चुकायचं आणि सासूचं कोपर बरगडीत खायचं.

तिच्या तोंडाला लागायची हिंमत सहसा कुणी करत नाही. एकदा एका नवरदेवाच्या मामानं हळद चालू असताना मध्येच डीजे लावला. ठमाबाई चौकावरून उठली, मशीनपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आता या मशीनला सांग, नवऱ्याला तेल लाव." मामानं गुपचूप बटण बंद केलं. दुसरा तिचा हट्ट सुपारीचा. लग्नघरानं दिलेली सुपारी एकदा पदरात घेतली की परत करायची नाही. अंगात ताप असो, घरात आजारपण असो, ठमाबाई गेली नाही असं झालं नाही.

नवरा दत्तात्रेय तिच्या अगदी उलट. मिठागरावर उभा जन्म गेला, मिठागरं बंद पडली तसा तो ओट्यावर आला. घरात बोलायचं खातं बायकोकडं, ऐकायचं त्याच्याकडं. मुलगा प्रणय उरणला कंटेनरच्या गाडीवर असतो, सणावारी येतो.

आणि मिश्री. ती सांगितल्याशिवाय ठमाबाईची गोष्ट पुरी व्हायची नाही. तव्यावर तंबाखू भाजून केलेली काळी पूड, बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ठमाबाईचा दिवस मिश्रीशिवाय उगवला नाही. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आला, तिनं दुर्लक्ष केलं. चट्ट्याची गाठ झाली, तिखट झोंबायला लागलं, तेव्हा तिनं तिखट सोडलं. मिश्री नाही सोडली.

ही गाठ पहिल्यांदा पाहिली ती हेमालीनं. हेमाली म्हणजे ठमाबाईच्या धाकट्या भावाची मुलगी, नवी मुंबईत एका संस्थेत पीएचडी करते. आतेला भाकरी एकाच बाजूनं चावताना बघितलं, टॉर्च घेऊन आली आणि म्हणाली, "आ कर." ठमाबाईनं केला. दुसऱ्या दिवशी हेमाली तिला अलिबागला घेऊन गेली. तिथं गालातून लहानसा तुकडा काढला, तिथंच तपासायला दिला. मग रेवसवरून लाँचनं भाऊच्या धक्क्याला आणि तिथून मोठ्या इस्पितळात. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. गालाचा कॅन्सर आहे, ऑपरेशन करावं लागेल, होळीनंतरची तारीख देतो.

ठमाबाईनं एकच विचारलं, "म्हणता येईल का?"

डॉक्टरांना कळेना काय म्हणायचंय. हेमालीनं समजावून सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "आत्ता गाठ गालापुरती आहे. जिभेला धक्का लागणार नाही. थोडं जड बोलाल, पण बोलाल. उशीर मात्र करू नका."

ठमाबाईला डॉक्टरांचं शेवटचं वाक्य ऐकू आलंच नव्हतं. थोडं जड, एवढंच परतीच्या लाँचमध्ये डोक्यात फिरत होतं. धवला थोडा जड म्हणून कसं चालेल?

आता हेमालीचं काम. खाडीकाठच्या तिवराच्या पानांपासून चांदीचे अगदी बारीक कण बनवायचे आणि ते प्रयोगशाळेत छोट्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघायचे, हा तिचा विषय. पानं धुवायची, उकळायची, गाळायची. त्या काढ्यात चांदीचा क्षार मिसळलेलं पाणी घालायचं. पिवळट काढा हळूहळू तपकिरी होत जातो, म्हणजे आत चांदीचे कण तयार झाले. ते इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. एरवी हे कण बनवायला जहाल रसायनं लागतात, इथं ते काम पान करतं. ठमाबाईला हे सगळं ठाऊक होतं, कारण ओहोटीला चिखलात उतरून हेमालीला पानं काढून देणारी तीच. "माझ्या भाचीला शिकायला गुडघाभर चिखल लागतो," असं ती कौतुकानं सांगायची.

होळीच्या आधी हेमालीचा फोन आला. आवाजातून आनंद सांडत होता. "आते, पेशी मेल्या! तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी होत्या ना, आपल्या पानांच्या कणांनी मेल्या. बशीत निम्म्याहून जास्त मेल्या!"

ठमाबाईनं फोन ठेवला आणि दत्तात्रेयला म्हणाली, "गाठ मेली."

तुम्ही म्हणाल, काय खुळी बाई. पण तिच्या जागी बसून बघा. खाडीपट्ट्यातली बरीच मुलं जहाजावर असतात. रजा मिळत नाही, नवरदेव लग्नाच्याच दिवशी उतरतो आणि हळद तर आधी लागायला हवी. मग धवलारीण काय करते? पाटावर त्याच्या नावाचा नारळ मांडते, नारळाला हळद लावते, नारळाला तेल लावते, त्याच्या नावानं धवला म्हणते. ती हळद त्याला पोचते. समुद्रात कुठंही असो, पोचते. ठमाबाईनं असे कितीतरी नवरे हळदीचे केले होते आणि एकाचंही लग्न अडलं नव्हतं. तिच्या गालातला तुकडा काढून नेला होता की नाही? नेला होता. तपासायला म्हणून बशीत ठेवला होता की नाही? मग हेमालीकडं आणखी कुणाचा असणार? त्याच्यावर जे केलं ते तिला पोचलं. सरळ हिशेब.

इस्पितळाची तारीख आली तेव्हा ठमाबाई लाँचला गेली नाही. गावभर सांगत सुटली की भाचीच्या औषधानं गाठ मेली, आता मेलेली गाठ गळून पडायला वेळ लागतो एवढंच. दत्तात्रेयनं हळूच विचारलं, "डॉक्टरला विचारायला नको?" त्यावर ती म्हणाली, "डॉक्टर काय, कापायलाच बसलाय." हेमालीचा फोन आला तेव्हा मात्र ठमाबाई तिला म्हणाली, "तारीख पुढं गेली ग बाय. गर्दी हाय म्हणतात. कळवतील." हेमालीचे प्रयोग चालू होते, तिनं विश्वास ठेवला. त्या दिवसांत ठमाबाईनं लग्नांमागून लग्नं केली. गाल सुजत चालला होता, तिनं पदर डोक्यावरून जरा जास्त पुढं ओढायला सुरुवात केली.

वैशाखात नात्यातल्या एका हळदीला हेमाली गावी आली. मांडवात शिरते न शिरते तोच एक चुलती पुढं आली, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "पोरीनं नाव काढलं हां! तुझ्या औषधानं आतेची गाठ मेली म्हणं."

हेमालीनं मांडवात बघितलं. समोर चौकावर ठमाबाई बसली होती, धवला म्हणत होती, आणि आवाज तोंडाच्या एकाच बाजूनं येत होता.

हळद उतरल्यावर हेमालीनं तिला हाताला धरून घरी आणलं. "आते, कुठलं औषध? मी तुला कधी औषध दिलं?"

"मला कशाला द्यायला लागतं? बशीत दिलंस ना." आणि ठमाबाईनं तिला नारळाचं सगळं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं.

हेमालीनं डोक्याला हात लावला. रागवावं की रडावं तिला कळेना. मग ती म्हणाली, "आते, त्या पेशी तुझ्या नाहीत. तुझा तुकडा अलिबागला तपासला, तिथंच संपला. माझ्या बशीतल्या पेशी परदेशातल्या कुणा माणसाच्या आहेत. तो कधीच मेला असेल. त्याच्या गाठीतल्या पेशी वाढवत वाढवत जगभरातल्या प्रयोगशाळांत वापरतात. मी विकत आणलेल्या त्या."

ठमाबाईनं विचारलं, "माझ्या नावाच्या न्हायत?"

"नाहीत."

"मंग नारळच दुसऱ्याचा व्हता," ठमाबाई म्हणाली, आणि ओट्याच्या खांबाला टेकून बसली.

पण हार मानणारी बाई नव्हे ती. जरा वेळानं म्हणाली, "दुसऱ्याच्या मेल्या तर माझ्याबी मरतील. ते पाणी आण आन् लाव माझ्या गालाला. हाय काय नी न्हाय काय."

हेमालीनं दोन दिवस समजावलं. नाही म्हणजे नाही. शेवटी तिनं आपल्या मार्गदर्शक मृणाल मॅडमना फोन केला, सगळं सांगितलं आणि आतेला घेऊन थेट संस्थेत गेली. दत्तात्रेयही निघाला, पिशवी घेऊन.

मृणाल मॅडमनी तिघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. हेमालीनं एक जुनी बशी आणली, त्या दिवशी टाकूनच द्यायची होती ती. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, शेजारच्या टीव्हीवर चित्र उमटलं. पेशी दिसत होत्या, चटईवर वाळत घातलेल्या पापडांसारख्या एकमेकींना खेटून.

"या जिवंत आहेत. बघ," हेमाली म्हणाली. मग तिनं एका बाटलीतलं पाणी थेंब थेंब टाकलं. बघता बघता पेशी आक्रसायला लागल्या, मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी आक्रसतात तशा. काठ सुटले, मध्ये मध्ये फटी पडल्या.

"मेल्या?" ठमाबाईनं विचारलं.

"मरणार. काय टाकलं माहितीय? मिठाचं पाणी. काकांच्या मिठागरात असतं तेवढंच कडक."

दत्तात्रेयनं टीव्हीकडं नीट वाकून बघितलं. त्याचा सबंध जन्म त्या पाण्यात उभं राहून गेला होता.

"बशीत मारणं सोपं आहे, आते," हेमाली म्हणाली. "मिठानं मरतात, साबणानं मरतात. माझ्या कणांनी मेल्या, पण मी तेच कण चांगल्या पेशींवरही टाकून बघितले. त्याही मेल्या. थोड्या कमी, पण मेल्या. रोगट मराव्यात आणि चांगल्या राहाव्यात, ते अजून जमलेलं नाही. जमलं तर मग उंदरांवर, मग कितीतरी वर्षांनी माणसांवर. मी म्हातारी होईन तोवर. कदाचित कधीच जमणार नाही."

"आन् मला?"

मृणाल मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला ऑपरेशन, मावशी. दुसरं काही नाही. आणि ताबडतोब."

कुणी ओरडून सांगितलं असतं तर ठमाबाई भांडली असती. या बाईनं चहाला साखर हवी का विचारावं तसं सांगितलं होतं, त्यामुळं तिला भांडता येईना. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तारीख घ्या."

इस्पितळानं जवळची तारीख दिली, ती नेमकी सुजितच्या हळदीची. सुजित पलीकडच्या गावातला, त्याच्या घरची सुपारी ठमाबाईच्या देव्हाऱ्यात होती. कुणाच्या तरी हाती परत पाठवावी, असं दत्तात्रेय म्हणाला. ठमाबाईनं ऐकलं नाही. स्वतः गेली, उन्हातून.

सुजितच्या आईनं सुपारी बघितली आणि तिचा चेहरा पडला. "ऐन हळदीच्या तोंडावर, ठमाबाय? शुभकार्यात कोण सुपारी परत करतं?" मग ती आवाज चढवून जे बोलायला लागली ते अपशकुनापर्यंत गेलं. एरवी ठमाबाईनं तिला दारातच गार केली असती. त्या दिवशी ती उभी राहून सगळं ऐकत होती. मग पदर बाजूला करून तिनं गाल दाखवला. सुजितची आई बोलता बोलता थांबली, आत गेली आणि पाणी घेऊन आली. ठमाबाई ते न पिताच निघाली. वाटेत एका वडाखाली बसून ती मोकळेपणी रडली. कॅन्सर सांगितला तेव्हाही ती रडली नव्हती.

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. पण मधल्या दिवसांत ती गालातून सरकून जिभेच्या कडेला लागली होती, म्हणून जिभेचीही एक बाजू काढावी लागली. डॉक्टरांनी हेमालीला बाहेर बोलावून स्वच्छ सांगितलं, "पहिल्या तारखेला आल्या असत्या तर जीभ वाचली असती." हेमालीनं मान हलवली. ते वाक्य तिनं कुणाला सांगितलं नाही, पण गिळताही आलं नाही.

पुढं विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, झाले. गणपतीच्या सुमारास ठमाबाई घरी आली. जीव वाचला, हे सगळे म्हणत होते आणि ते खरंच होतं. पण र आणि ळ तिच्या तोंडून सपाट होऊन यायचे, काही शब्द नुसतेच वाऱ्यासारखे जायचे. तिचं बोलणं कसं ऐकू यायचं ते इथं लिहून दाखवण्यात काही शहाणपण नाही. दत्तात्रेयला सगळं समजायचं, बाकीच्यांना दोनदा विचारावं लागायचं. मार्गशीर्षापासून लग्नं सुरू होणार होती. ओट्यावर सुपारी घेऊन कुणी आलं नाही.

हेमाली मात्र आली ती परत जायचं नावच काढीना. आतेला पेज करून घालायची, औषधं द्यायची, संस्थेतून फोन आला की उचलायची नाही. दत्तात्रेय दोनदा म्हणाला, "पोरी, तुझा अभ्यास?" तिनं विषय बदलला.

एका सकाळी पेजेची वाटी हातात धरून हेमाली बसली होती आणि एकाएकी म्हणाली, "आते, माझ्यामुळे झालं हे. मी फोन केला नसता तर तू तारखेला गेली असतीस. तुझी जीभ माझ्यामुळे गेली."

ठमाबाईनं वाटी बाजूला ठेवली. एकेक शब्द जुळवत, थांबत थांबत ती बोलायला लागली.

"गाठ मेली न्हाय ते मला म्हायती व्हतं."

हेमालीला वाटलं, आपल्याला नीट समजलं नाही. "काय?"

"म्हायती व्हतं. जीभ रोज जाऊन बघायची. गाठ जागच्या जागी. रोज थोडी मोठी." तिनं दम घेतला. "खरंच मेली वाटली असती, तर तुला फोनवर खोटं कशाला सांगितलं असतं? सगळ्या गावाला सांगितलं, गाठ मेली. तुलाच तेवढं न्हाय सांगितलं. तू लगेच इचारलं असतंस, दाखव म्हणून."

हा साधा प्रश्न हेमालीच्या डोक्यात एवढ्या महिन्यांत आला नव्हता.

"भ्यायले व्हते ग. एवढी मी सगळ्यांची तोंडं बंद करणारी, भ्यायले असं सांगू कुनाला? तुझं नाव पुढं केलं. बरं पडलं तुझं नाव."

हेमालीचा बांध फुटला. ठमाबाईनं तिला रडू दिलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. दत्तात्रेय ओट्यावर होता, त्यानं सगळं ऐकलं, पण आत आला नाही.

रडणं सरल्यावर ठमाबाईनं वाटी पुन्हा हातात घेतली. पेज निवली होती. दोन घास कसेबसे गिळले आणि म्हणाली, "उद्या जा तू. काम कर. पुन्हा पेशी मेल्या तर मॅडमला सांग, तुझ्या वहीत लिव्ह. घरी फोन करू नको लगेच. माझ्यासारख्या भ्यायलेल्या लई असतात."